एका वेळी एकच काच

मंगळवारी सकाळी, पहिला चहा झाल्यावर, तुम्ही गेलात. ताई दूध उतरवायला स्वयंपाकघरात गेली होती. ती परत आली तेव्हा तुम्ही खुर्चीतच होतात, चष्मा कपाळावर सरकवलेला. हृदय बंद पडल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं.

आमच्या पेपरच्या गुरुवारच्या अंकात चार ओळींची बातमी आली. नाव, राजवाड्याजवळचं चष्म्याचं दुकान, मागे पत्नी आणि मुलगी. ती माझ्याच टेबलावरून गेली. तिच्यात कापण्यासारखं किंवा वाढवण्यासारखं काही नव्हतं. गाडी चार ओळींत बसत नाही. जिजाजी, ती या मजकुरात आहे.

पांढरी, जुनी, ऑटोमॅटिक. लहानपणी पोलिओने तुमचा डावा पाय अधू झाला होता, त्यामुळे क्लचची गाडी तुम्ही कधी चालवली नाही. शहरात ऑटोमॅटिक गाडी शोधावी लागायची त्या काळात तुम्ही ही शोधून आणलीत. "मला एकच पाय चालतो, हिला एकच पाय लागतो," तुम्ही ताईला म्हणालात. "कुंडली जुळली. आता नाही म्हणू नकोस." सीट खाली होती, दार रुंद उघडायचं, डावा पाय हाताने उचलून आत ठेवायला जागा होती. नव्या उंच गाड्यांत ते जमत नाही, हे तुम्ही शोरूममध्ये बसून पाहिलं होतं. दुकान, बँक, भाजी, मित्राकडे पत्ते, सगळीकडे तुम्ही या गाडीनेच जायचात. कोणाला विचारावं लागत नसे आणि कोणाची वाट पाहावी लागत नसे.

गेल्या दिवाळीनंतर ती लाथ मारायला लागली. पार्कमधून रिव्हर्सला किंवा ड्राइव्हला टाकलं की आधी काहीच व्हायचं नाही, आणि मग खालून एकदम धक्का यायचा. मागच्या सीटवरची पिशवी खाली पडायची. शेजारचे पोरवाल काका सकाळी त्या वेळी त्यांच्या फाटकाशी दात घासत उभे असतात. पहिलं निदान त्यांचं.

"भिया, गाड़ी लात मार री हे. बेच दो."

"दुधारू गाय की लात भी भली, काका," तुम्ही काच खाली करून सांगितलंत.

सई, तुमची मुलगी, पुण्याला नोकरी करते. तिने तो धक्का फोनवर ऐकला. "बाबा, हा आवाज नॉर्मल नाहीये. हायवेवर बंद पडली तर उतरून ढकलणार आहात का?"

"मी उतरून उभा राहीन. ढकलायला अख्खं इंदूर आहे."

"मी रंगपंचमीला येतेय. तोपर्यंत रिपेअर झाली तर ठीक, नाहीतर विकायची. मग फोनवरून टॅक्सी बोलवायची. डील?"

"डील," तुम्ही म्हणालात. फोन ठेवल्यावर तुम्ही किल्ली घेऊन गाडीशी गेलात, असं ताई सांगते. मी तेव्हा तिथे नव्हते.

खंडवा रोडवरचा बंटी तुमच्या गाडीचा नेहमीचा मेकॅनिक. त्याने एक चक्कर मारली, उतरला आणि तोंडातली बडीशेप चावणं न थांबवता म्हणाला, "सरजी, गिअरबॉक्स उतारना पड़ेगा."

"आँख में कचरा जाए तो तू आँख निकालेगा क्या?"

"आँख में नट-बोल्ट नी होते, सरजी. इसमें हें."

मग त्याने दुसरा उपाय सुचवला. गिअरबॉक्सचं तेल बदलू, इंजिनाखालची रबरं बदलू, इंजिनाची रेस कमी करू, सगळं एकदम, एकाच दिवसात. तुम्ही नाही म्हणालात. तुमचं म्हणणं असं होतं की तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि धक्का गेला, तर कोणामुळे गेला ते कळणार नाही. आणि नाही गेला, तर काय काय चुकलं तेही कळणार नाही. "एका वेळी एकच काच," तुम्ही म्हणालात.

ही पद्धत मला माहीत होती. मी इंदुरात नोकरीला आले त्या वर्षी तुम्ही माझे डोळे तपासले होते. नाकावर ती जड गोल फ्रेम, समोर अक्षरांचा तक्ता, आणि तुम्ही एक काच काढून दुसरी घालत विचारत होतात, "हे चांगलं की हे?" एका जागी मी गप्प बसले. दोन्ही सारखंच दिसत होतं आणि तसं सांगायची लाज वाटत होती. तुम्ही थांबलात. "सारखं दिसतंय तर सारखं म्हण. तेही उत्तर आहे. मला खूश करायला काच निवडशील तर डोकं तुझं दुखेल, माझं नाही." हे वाक्य मी नंतर डेस्कवर आलेल्या प्रत्येक नव्या वार्ताहराला ऐकवलं. दर वेळी नाव न सांगता. आज नाव जोडते.

रविवार माझ्या सुट्टीचा. त्या दिवशी तपासणी व्हायची. तुम्ही मला संपादकबाई म्हणायचात. मी संपादक नाही, उपसंपादक आहे, असं मी दर वेळी सांगायचे. "बढती माझ्याकडून," तुम्ही म्हणायचात. ताई पोहे करायची, आणि आपण बोनेटशी उभे राहून ते खायचो.

पहिली काच रेस. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू केली की इंजिन काही वेळ जोरात फिरतं. धक्का त्यामुळे असेल तर इंजिन थंड असताना मोठा यायला हवा आणि तापल्यावर लहान. आपण दोन्ही वेळा टाकून पाहिलं. "हे की हे?" तुम्ही विचारलंत.

"सारखं."

"शाबास. ही काच बाजूला."

दुसरी काच इंजिनाखालचे रबरी ठोकळे. बंटी त्यांना फाउंडेशन म्हणतो. तो सीटवर बसला, ब्रेक दाबून धरला आणि ड्राइव्ह, रिव्हर्स करत राहिला. आपण उघड्या बोनेटमधून पाहत होतो. झोपलेला जाडा माणूस कूस बदलतो तसं इंजिन हलत होतं. मागचा ठोकळा चिरलेला निघाला. तो बदलला. धक्क्याचा आवाज बसला, पिशवी खाली पडायची थांबली. पण गिअरमध्ये टाकल्यावरचं ते थांबणं तसंच राहिलं, आणि थांबण्यानंतरचा धक्काही.

"सरकारी फाइल आहे," तुम्ही म्हणालात. "आधी सरकत नाही. आणि सरकली की टेबलावरून खाली."

बंटीने डोकं खाजवलं. उशिरा गिअर पडतो आणि मग जोरात पडतो, याचा अर्थ आत तेलाचा दाब वेळेवर तयार होत नाही, असं त्याने सांगितलं. "या तो तेल कम हे, या अंदर का माल घिस गया."

"तेल कम नी हे," तुम्ही म्हणालात. "हर संडे देखता हूँ."

हे खरं होतं. दर रविवारी सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, तुम्ही गिअरबॉक्सची डिपस्टिक बाहेर काढायचात, चष्मे पुसायच्या कापडाने पुसायचात, परत बुडवून पाहायचात. तेल रेघेवर असायचं. रेघेच्या खाली नाही, वर नाही.

"हे आणखी कोणी पाहिलंय?" मी विचारलं.

"मी पाहिलंय ना."

"तुम्ही पक्षकार आहात, जिजाजी. पक्षकाराच्या एकट्याच्या सांगण्यावर बातमी होत नाही."

"मग काय माझ्या तेलासाठी पंचनामा करू? पोरवाल काकांना बोलावू सहीला?"

तुम्ही चिडला होतात. तुम्ही क्वचित चिडायचात, आणि चिडल्यावर जास्त शुद्ध मराठी बोलायचात. त्या दिवशी तुम्ही मला 'आपण' म्हणालात.

रंगपंचमी जवळ येत होती. सईने पुण्याहून जाहिरात टाकली होती, ती पाहून बेटम्याचे एक गृहस्थ गाडी बघायला आले. तुम्ही त्यांना चहा दिलात, गाडी किती नीट ठेवली आहे ते सांगितलंत, आणि किल्ली त्यांच्या हातात दिलीत. त्यांनी ड्राइव्हला टाकली. गाडी थांबली, मग तिने लाथ मारली. "सोचके बताता हूँ," म्हणून ते हसत निघून गेले. तुम्हीही हसलात, पण तुमच्या हसण्यात सुटका होती, हे ताईनेही पाहिलं आणि मीही. त्याच संध्याकाळी तुम्ही बंटीला फोन करून गिअरबॉक्स उतरवायचा दिवस ठरवलात. बंटीने आधीच बजावलं होतं की इतक्या जुन्या गाडीचं उघडलेलं गिअरबॉक्स परत तसंच बसेल याची खात्री तो देणार नाही.

त्या ठरलेल्या दिवसाआधीच्या रविवारी गाडी पूर्ण तापल्यावर कशी वागते ते पाहायला आपण खंडवा रोडने सिमरोल गावापर्यंत गेलो. ताई मागे बसली होती, मांडीवर जिलबीचा पुडा. सिमरोलला चहाच्या टपरीशी तुम्ही गाडी झाडाखाली घेतलीत, पार्कमध्ये टाकलीत, परत ड्राइव्हला टाकलीत. थांबणं. धक्का.

"तेल," मी म्हणाले.

"तेल पूर्ण आहे."

"सूत्र?"

तुम्ही परत पार्क केलंत, दार उघडलंत, पाय उचलून बाहेर ठेवलात आणि बोनेट उघडायला गेलात. मला गप्प करायची इतकी घाई होती की इंजिन बंद करायचं राहिलं. चालू इंजिनात तुम्ही डिपस्टिक काढलीत, पुसलीत, बुडवलीत, काढलीत. तिच्या टोकाला एक थेंब होता. वर सगळी कोरडी.

 चष्मा कपाळावरून खाली घेतलात आणि परत पाहिलंत. मग डिपस्टिक माझ्या हातात दिलीत आणि जाऊन इंजिन बंद केलंत. चहा आला. चहा होईपर्यंत आपण थांबलो. आता बुडवली तर तेल रेघेवर. इंजिन सुरू केलं, तेल गायब. बंद केलं, परत रेघेवर.

"हे की हे?" तुम्ही विचारलंत.

"वेगळं. पूर्ण वेगळं."

ताईने काच खाली केली. "अहो, काय चाललंय? जिलबी गार झाली."

तुम्ही टपरीच्या बाकावर बसलात, डावा पाय सरळ ठेवून, आणि हसायला लागलात. टपरीवाला पाहत राहिला. "मिटलेल्या डोळ्यांचा नंबर काढत होतो गं मी," तुम्ही म्हणालात. "इतकी वर्षं. मिटलेल्या डोळ्यांचा!"

झालं होतं ते असं. इंजिनचं तेल इंजिन बंद असताना पाहतात, आणि घरातल्या प्रत्येक गाडीचं तुम्ही तसंच पाहत आला होतात. या गिअरबॉक्सचं तेल मात्र गाडी तापलेली आणि इंजिन चालू असताना पाहायचं असतं. इंजिन चालू असलं की पंप ते तेल सगळीकडे फिरवतो. बंद केलं की ते खाली उतरून साठतं आणि डिपस्टिकवर जास्त दिसतं. विसराळू माणसाच्या हातून यातून काही बिघडलं नसतं. जास्त दिसलं असतं तर दिसू दिलं असतं. तुम्हाला रेघेच्या वर केसभरही चाललं नाही. ते वर दिसेल त्या दर वेळी जास्तीचं तेल तुम्ही नळी लावून पिचकारीने ओढून काढत गेलात, ते बरोबर रेघेवर येईपर्यंत. हे तुम्ही बाकावर बसून स्वतःच सांगितलंत, हाताने पिचकारी ओढून दाखवत. असं थोडं थोडं कमी होत होत दिवाळीपर्यंत आतमध्ये दाब तयार करायला पुरेसं तेलच उरलं नव्हतं.

ताई तोवर उतरून आली होती. तिने माझ्या हातातली डिपस्टिक घेतली, तिची वरची कडी पदराने पुसली आणि बारीक कोरलेली इंग्रजी अक्षरं मोठ्याने वाचली: तपासताना इंजिन चालू ठेवावे. तुमचं कापड फक्त खालच्या टोकाला फिरायचं, कडीवर कधीच नाही.

"अहो, दुकानात लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावता. ही तर तुमच्या हातात होती."

"दुकानात मी वाचत नाही," तुम्ही म्हणालात. "वाचून घेतो."

बंटी मोटरसायकलवरून योग्य ते तेल घेऊन सिमरोलला आला. लांब नळीच्या चाडीने, म्हणजे नरसाळ्याने, थोडं थोडं ओतलं, इंजिन चालू ठेवून. मध्येच ब्रेक दाबून गिअरचा दांडा प्रत्येक जागी नेऊन आणला, परत पाहिलं, परत ओतलं. काय झालं होतं ते कळल्यावर त्याने चाडी खाली ठेवली. "वा सरजी. आप ही चोर, आप ही थानेदार."

"और ये वकील," तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलंत.

परतताना तुम्ही ड्राइव्हला टाकलीत आणि गाडी धक्का न देता रस्त्यावर आली. मागून ताईने विचारलं, "निघायचं ना आता?" आपण तेव्हा टपरी मागे टाकली होती. तुम्ही आरशात तिच्याकडे पाहिलंत आणि तेजाजी नगरपर्यंत गात राहिलात. सूर लागला नव्हता, हे नोंदवणं आवश्यक आहे.

सई रंगपंचमीला आली. गेर, ती रंगांची मिरवणूक, पाहून दुपारी घरी परतली तेव्हा केसांत हिरवा रंग होता आणि कानांत गुलाबी. आंघोळीआधीच ती गाडीत बसली. रिव्हर्स, ड्राइव्ह, रिव्हर्स. "बाबा, ही तीच गाडी आहे?"

"तीच. गुन्हेगार सापडला."

"कोण?"

तुम्ही तिला सगळं सांगितलंत. नंतर दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांनाही सांगितलंत, फ्रेम निवडता निवडता, दर वेळी पिचकारी ओढून दाखवत. माझं काम असं आहे की लोकांच्या चुका छापल्यावर त्यांचे फोन येतात, आणि स्वतःची चूक सापडली म्हणून आनंदाने फोन करणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. तुम्ही त्या रविवारी पोरवाल काकांना घरी बोलावून सांगितलं होतंत.

सईने जाहिरात काढून टाकली. पण एक अट घातली. अंधार पडल्यावर आणि खंडवा रोडवर एकट्याने जायचं नाही, शेजारच्या सीटवर कोणीतरी हवं. "डील?" तुम्ही डील म्हणालात.

आपला एक वाद मात्र उरला. रात्रभर उभी गाडी सकाळी पहिल्यांदा रिव्हर्सला टाकली की अजूनही छोटासा धक्का यायचा. तापल्यावर नाही. तुम्ही म्हणालात, आता ती पहिली काच परत लावून पाहायला हवी: इंजिनाची हवा जिथून आत जाते ती थ्रॉटल बॉडी मळली आहे, म्हणून इंजिन थंड असताना रेस जास्त राहते. मी म्हणाले, कमी तेलावर इतके महिने चालल्याने आतल्या प्लेटा झिजल्या आहेत, आणि हा धक्का तुमच्या पिचकारीचा आहे. बंटी म्हणाला, "चलेगी जब तक चलेगी, सरजी."

"हे तर मला डॉक्टरही सांगतात," तुम्ही म्हणालात.

तुम्ही काही बदलायला तयार नव्हतात. नवं तेल आधी नीट बसू दे, मग पुढची काच. मी म्हणाले, तुम्ही हराल म्हणून वेळ काढताय. तुम्ही म्हणालात, संपादकबाईंना पुरावा येण्याआधीच मथळा हवा असतो. असे बरेच रविवार गेले. पोहे झाले, उकाडा झाला, पाऊस येऊन गेला. मी त्या रविवारांना गाडीसाठी येत नव्हते. हे सांगायचं राहिलं.

तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी बंटी भेटायला आला. चपला दाराबाहेर काढून ताईसमोर बसला. निघताना अंगणात मला म्हणाला, सोमवारी संध्याकाळी सरजी गॅरेजवर आले होते. थ्रॉटल बॉडी साफ करून घेतली. तो प्लगही बदलतो म्हणाला, तर तुम्ही त्याचा हात धरलात. बाकी काही बदलायचं नाही; सकाळी थंड गाडी सुरू करून बघेन आणि मग मॅडमला फोन करेन, असं तुम्ही त्याला सांगितलंत. तो फोन मला मंगळवारी सकाळी यायचा होता.

सोमवारनंतर गाडी कोणी सुरू केली नव्हती. आज सकाळी सईने सुरू केली. मी गाडीच्या खिडकीशी उभी होते, ताई पायरीवर. सईने ब्रेक दाबला आणि रिव्हर्सला टाकली. धक्का आला नाही. तिने पार्क केलं, बंद केली, इंजिन पुरतं थंड होईपर्यंत आम्ही आत बसलो, आणि दुपारी परत पाहिलं. आला नाही. बदललेली गोष्ट एकच होती. तुमचं म्हणणं बरोबर होतं.

मग सईने बंटीला फोन लावला. सोमवारी काम संपलं तेव्हा अंधार पडला होता. बाबांना घरी कोणी सोडलं, हे तिला हवं होतं. बंटीने सांगितलं, त्याने सोबत माणूस देऊ केला होता. "सरजी बोले, किसी को मत बताना, बिटिया ने मना किया हे." सई फोन हातात धरून हसली, मग रडली, मग परत हसली. दुसरं सूत्र म्हणून मी पोरवाल काकांना विचारलं. गाडी तुमच्या फाटकात शिरली तेव्हा ते त्यांच्या फाटकाशी उभे होते आणि त्यांनी गाडीतला दिवा लागलेला पाहिला होता.

गाडी तुम्ही चालवत होतात. शेजारची सीट रिकामी होती.